गुलाबी थर

अहो, ओढू नका. एक ओढलं गेलं तेवढं पुरे झालं की. द्या इकडे हात. असा, मनगट उशीवर टेका, बोटं सैल. सैल हो, मी काय इंजेक्शन देत नाहीये. इतका वेळ वाटीत बोटं बुडवून बसलात, झालं काही? मला ठाऊक होतं नाही होणार. पण करून बघावं लागतं, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं बाईनं उगाच घासत बसवलं. हे बघा, टोचून दाखवते—लागतंय का टणक? चांगलं लिक्विड वापरलेलं असतं ना, तर एव्हाना ॲसिटोनमध्ये त्याचा लगदा झाला असता, कापसानं पुसलं की मोकळं. हे वरून लावलेलं नख नाही विरघळायचं. हे घासूनच काढायचं, एकेक बोट, हातानं—मशीन नाही लावणार मी, मशीन तापतं, आणि खाली तुमचं स्वतःचं नख किती उरलंय ते आत्ता दोघींनाही माहीत नाही. वेळ जाईल. ऑफिसला सांगितलंय ना? मग झालं. नवीन बदली म्हणजे चार दिवस कुणी विचारत नाही.

ती पट्टी भिजू देऊ नका फक्त. डॉक्टरांनी अख्खं नख काढलं म्हणालात? हो, काढावंच लागतं, अर्धं लोंबत असलं की. गाडीच्या दारात बोट म्हणजे—नको, परत सांगू नका, मला ऐकवत नाही. पण एक सांगू का, दाराचा दोष नाही तो. नख लावलंय ना वरून, ते तुटायला हवं होतं. कट्कन मोडायला हवं आणि बोट सुटायला हवं. हे मोडतच नाही. मग काय जाणार? जे कच्चं असेल ते. म्हणजे तुम्ही. लोकांना वाटतं कडक म्हणजे मजबूत. कडक वेगळं, मजबूत वेगळं, हे माझ्या आईचं वाक्य—पण ते जाऊ द्या. यात काय असतं, पावडर लिक्विडमध्ये कालवून हे नख करतात, आणि लिक्विड दोन जातीचं मिळतं. एक मिथाइलचं, एक इथाइलचं. नावाला एवढासा फरक, दिसायला दोन्ही पाण्यासारखी, बाटलीवर लेबल कुणी काहीही चिकटवावं. मिथाइलचं स्वस्त पडतं, झटकन धरतं, दगड होतं. आणि वासावरून कळतं—नाकात असा खिळा ठोकल्यासारखा वास. तुम्ही आत आलात आणि हात पुढे केलात तेव्हाच मला आला तो. हो, अजून येतोय. धरलं तरी सगळं धरत नाही ना ते, थोडं आत कच्चंच राहतं, येत राहतं बाहेर हळूहळू.

खिडकी उघडीच राहू द्या. गार लागतंय? शाल देऊ? पंखा बाहेर फेकणारा लावलाय तो, कचरा सगळा तिकडे जावा म्हणून. आणि हे हातमोजे काढा म्हणू नका, बायका म्हणतात, बाई तुम्ही सर्जन आहात का. मोज्यांनी तरी कुठं अडतं. थोड्या वेळात आरपार जातं ते, म्हणून बदलत राहायचं. नाही, माझे हात चांगले आहेत. शेंड्यांना जरा मुंग्या येतात, वयाचं आहे.

ते टेबल? सामान ठेवायला. दोन टेबलं एकदम घेतली होती, जोडीनं मिळत होती. नाही, एकटीच करते मी. पहिल्यापासून एकटीच. या कामात दुसरं माणूस टिकत नाही. मधे एक मुलगी होती, चांगली होती, पण टिकली नाही. पुढचं बोट द्या.

शिकले कुठे म्हणजे—कुठं शाळा होती तेव्हा याची. आईकडून. हसता काय, खरंच. आईनं जन्मात स्वतःच्या नखाला रंग लावला नाही, पण ती दातांच्या लॅबमध्ये होती कामाला. कवळ्या करायची. कवळीची पावडर आणि ही पावडर एकाच कुळातली, कवळीचं लिक्विड तर हेच, तुमच्या बोटावरचं. शाळा सुटली की आम्ही लॅबमध्ये जाऊन बसायचो, स्टुलावर, आणि आई कालवायची ते बघायचो. आधी ओल्या वाळूसारखं दिसतं. मग बोट लावलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघतात. मग पीठ होतं मऊ, हाताला न चिकटणारं—ते पकडायचं, तेव्हाच साच्यात दाबायचं. चुकलात, की रबर. रबर झालं की संपलं, टाकून द्या. आणि साचा उकळायचा तो दमादमानं. घाई केली की आतलं लिक्विड आधी उकळतं आणि कवळीत बुडबुडे राहतात, वरून चकचकीत, आतून वाळवी लागल्यासारखी. आई म्हणायची, माणसं पण अशीच असतात गं, लवकर उकळलेली. आता तिच्या खुब्यात तेच आहे. पडली ना मागे, खुबा मोडला, तर डॉक्टरांनी नवीन बसवला आणि चिकटवायचं जे सिमेंट असतं त्यांचं, ते पण हेच, पावडर आणि लिक्विड, ऑपरेशनच्या टेबलाशेजारी कालवतात. ती शुद्धीवर आली आणि म्हणाली, जन्मभर लोकांच्या तोंडात घातलं, आता देवानं माझ्या मांडीत घातलं. आहे ना, आत आहे, पडद्यामागे. ऐकू अर्धंच येतं. काय गं आई? काही नाही, पंखा आहे तो—बघा, अर्धं ऐकते आणि उरलेलं स्वतःच्या पदरचं घालते.

आम्ही म्हणजे मी. मी जायची लॅबमध्ये. आम्ही कधी म्हटलं?

थांबा. हलू नका जरा.

नाही, लागलं नाही तुम्हाला, घाबरू नका. दिवा जवळ घेते. हे बघा—नाही, तुम्ही नका बघू, हात हलतो. वरचा थर गेला आणि खाली—हे गुलाबी काय आहे? नेलपॉलिश होतं आधीचं? नव्हतं. पक्कं? दुसरं बोट द्या. नाही, ते नको, करंगळी द्या. इथेही आहे. पातळ, कागदासारखा, बरोबर मधोमध जाड आणि कडेला नाहीसा होणारा. आणि यात धागे आहेत. लाल, केसासारखे, तुटके. तुम्हाला दिसतायत का? मला दिसतायत. चष्मा नको, दिसतायत मला.

हे कुणी केलंय तुमचं?

दुकानाचं नाव नको, नाव घेऊन मी काय करू. माणूस. बसलं कोण होतं समोर. मुली असतात बऱ्याच, ते कळलं, पण तुमचं कोण करायचं? मावशी. मावशी म्हणजे वयानं किती? माझ्याएवढ्या? थोड्या लहान. हां. नाही, काही नाही झालं. बोट सरळ ठेवा.

सांगते. ही पावडर नखाची नाहीच. कवळीची आहे. हिरडीसारखी दिसावी म्हणून गुलाबी, आणि हिरडीत शिरा असतात ना बारीक, तशा दिसाव्यात म्हणून त्यात लाल धागे घालतात. नखांच्या पावडरीत कशाला कोण घालेल लाल धागे. आणि ही कवळीचीही साधी नाही. यात रबर मिसळलेलं असतं, दिसत नाही, बारीक बारीक कण. म्हाताऱ्यांच्या हातातून कवळी पडते बेसिनमध्ये आणि दोन तुकडे होतात, म्हणून ही काढली. रबराचा कण मधे असला की तडा तिथवर येतो आणि थांबतो. धक्का खाते ही, नुसती दगडासारखी अडत नाही. आता कुणी तरी काय केलंय, की दुकान देतंय ते स्वस्तातलं लिक्विड, ते वापरणं भाग आहे, नाहीतर उद्यापासून येऊ नका—तर मग त्याच्याखाली, तुमच्या नखाला लागून, या पावडरीचा एक हात दिलाय. दुकानाला न सांगता. म्हणजे वरून कितीही जोर आला तरी खालचं नख वाचावं. हे जगात—जगात कशाला, मला माहीत असलेल्यात एकच बाई करते. तिनंच काढलं ते. त्या टेबलावर बसून.

हो, त्याच टेबलावर.

मुलगी होती म्हटलं ना मघाशी, तीच. धाकटी. माझी धाकटी बहीण. आता तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही नखं काढायला आलात. पण तुम्ही तिच्यासमोर बसलायत, इतके महिने, हात तिच्या हातात देऊन. कशी आहे? नाही, म्हणजे दिसते कशी? वाळलीय का? केस बांधते की कापलेत? बोलत असेल ना खूप? आई तिला टिटवी म्हणायची. एकदा सुरू झाली की गिऱ्हाइकाची नखं वाळून, बाई घरी पोचून, जेवून झोपली तरी हिचं चालूच. गिऱ्हाइकं तिच्यासाठीच यायची इथे, माझ्यासाठी नाही. माझा हात सरळ आहे, तिचा हात—तिचा हात वेगळाच होता.

बोलत नाही? अजिबात? आवाजच नाही म्हणजे काय. कुजबुजतात. खुणेनं सांगतात. हं. खोकला? नाही, तुम्ही सांगा, मी कशाला तुमच्या तोंडात घालू. हं. मोजे घालायची का? आणि आतून पट्ट्या. बोटांना.

म्हणजे थांबली नाही ती.

असं होतं हे, या लिक्विडनं काहींना होतं. वर्षानुवर्षं काही नाही आणि एक दिवस अंग उलटतं. आधी शेंडे चिरले तिचे, कागदासारखे, मग पापण्या सुजायच्या, मग छातीत शिट्टी. डॉक्टर मला म्हणाले, हे आता जन्माचं, एकदा शरीरानं ओळखलं की विसरत नाही. थेंबभर पुरे. दातात फिलिंग करायचं झालं तरी आधी सांगा, उद्या खुबा मोडला तर आईसारखं सिमेंट चालेल की नाही तेही सांगता येत नाही. मी काय करणार होते? मी म्हटलं, बाई गं, तू टेबलावर नको बसूस. तू फोन घे, बायकांशी बोल, तेच तर तुला येतं. खिडकी फोडून हा पंखा बसवला तिच्यासाठी. आठवडाभर बसली बाहेर. मग म्हणाली, ताई, तू माझे हात काढून घेतलेस आणि मला तोंड ठेवलंस. मी म्हटलं, जीव ठेवलाय. माझं चुकलं नव्हतं काही. आज आली तर आजही तेच म्हणेन. सकाळी उठले तर बॅग नव्हती, आणि आईचा डबा नव्हता फडताळातला, गुलाबी पावडरचा. तेव्हाच कळलं मला. फोन घेण्याची नोकरी करायला कुणी पावडर घेऊन जात नाही.

आईला नाही सांगितलं. आईला मी म्हटलं, मोठ्या दुकानात लागलीय, खुर्चीवर बसून फोन घेते. आई रोज विचारते, आज फोन नाही आला तिचा? मी म्हणते, दिवसभर फोनच घेते गं ती, घरी कशाला करेल. पटतं तिला. हसते पण.

जरा हळू बोला हं.

हे बोट झालं. बघा, खाली तुमचं नख गुळगुळीत आहे, एक ओरखडा नाही. सगळ्या बोटांना दिलाय थर, कुठेही विसरली नाही. मग त्या एकाला काय झालं? जे दारात गेलं. त्याच्याखालीही थर असणार, मग ते कसं उपटलं—असं व्हायला नको होतं. तिच्या हातचं नव्हतंच ते? दुसऱ्या मुलीनं भरलं. का बरं? ते मधेच निखळलं म्हणून तुम्ही गेलात, आणि मावशी नव्हत्या. सुट्टी असेल. सुट्टी नव्हती, मग?

गेल्या. कुठं गेल्या?

हां, म्हणजे काम सोडून गेली. तेच म्हणते मी, ती कुठं टिकणार, कुणी चार शब्द बोललं की उठली आणि चालली, लॅबमध्येही असंच करायची, आईच्या साहेबांनी एकदा—का? मान कशाला हलवताय? तुम्हीच म्हणालात ना गेल्या म्हणून. गेल्या म्हणजे माणूस कुठंही जातं. दुसऱ्या दुकानात जातं, दुसऱ्या गावाला जातं. नोकरीवरून जातं. तुम्ही मान हलवू नका अशी. तोंडानं सांगा. नाही, हळू सांगा.

हात नका काढून घेऊ. राहू द्या. मला काहीतरी धरायला हवंय.

तुमच्यासमोर झालं? नाही. त्या मुलीनं सांगितलं. दार बंद होतं. एसी चालू म्हणून दार बंद, खिडकी नाहीच. एका बाईचा हात अर्धा झाला होता, तेवढ्यात उठली, बेसिनकडे निघाली, खुर्च्या धरत धरत. आणि त्यांना वाटलं पाणी प्यायला चाललीय. बोलता येत नव्हतं ना तिला, हाक कशी मारणार. मग गाडीतून नेलं. वाटेतच.

मालकीण म्हणते दमा होता. दमा नव्हता तिला. लिहून ठेवा हवं तर, दमा नव्हता. लॅबमागे चढ होता एक, आम्ही पळत चढायचो, मी मधेच बसायची आणि ती वर पोचून तिथून बडबडत असायची, खाली मला ऐकू यायचं. दम्याच्या माणसाला जमतं का ते? तुम्हीच सांगा. तिला दमा दिला त्यांनी. बंद खोलीत बसवून दिला. आणि ती बसली. मोजे घालून, आत पट्ट्या बांधून, तोंड बंद ठेवून बसली, कुणाला कळू नये म्हणून. आणि स्वतःला बाधणारी गोष्ट तुमच्या बोटांवर लावताना तुमचं नख वाचावं म्हणून खाली—

मग पुढचं कुणी केलं? नेलं कुणी, पोचवलं कुणी? दुकानातल्या मुलींनी. आणि घरी कळवायचं नाही का? विचारलं होतं त्यांनी तिला कधीतरी. काय म्हणाली? माझं कुणी नाही.

बरं.

नाही, रडत नाहीये मी, भुकटी आहे ती. दोन राहिलीत. का, राहू देत कशाला? अहो, तुम्ही चांगल्या मनानं म्हणताय ते कळतंय मला, तिच्या हातचं आहे म्हणून. पण ठेवून काय होणार? खालचं वाढत जाणार, हे पुढे सरकत जाणार, उद्या कुठल्या खणात, कुठल्या चेनमध्ये अडकलं की परत तेच. दुसरं बोट जाईल तुमचं. तिनं थर दिलाय तो वेळ काढायला दिलाय, कायमचा नाही. तू गप बस बघू. तू म्हणाले मी तुम्हाला, माफ करा. अंगठा वर.

हलकेच घासते. वरचं गेलं. हे गुलाबी. हेही जाणार आता, याला वेळ नाही लागत, मऊ असतं. धागे बघा कसे उडतायत पंख्याकडे. झालं. आणि हे शेवटचं. हे थोडं जाड दिलंय तिनं. उजव्या हाताचं पहिलं बोट, जास्त कामात येतं म्हणून. तिला विचार करायची सवय होती अशी, कुठलं बोट कशाला वापरता ते विचारून घ्यायची सगळ्यांना. तुम्हाला विचारलं होतं? खुणेनं. हो, विचारलंच असणार.

झालं. बघून घ्या, नऊच्या नऊ शाबूत. पातळ झालीत जरा, वाढतील. झोपताना तेल लावत जा, आणि काही दिवस नुसती ठेवा. परत लावायला कुठं जाऊ नका. माझ्याकडेही नको.

काय गं आई? कोण गेलं? कुणी नाही गेलं. तू झोप बरं. अगं, गिऱ्हाईक आहे, त्यांच्या इथल्या कुणाचं तरी बोलत होत्या त्या. नाही, तू ओळखत नाहीस. हो, फोन आला की देते तुला. देते म्हटलं ना.

पर्स राहू द्या, नकोय मला काही. तुमची चप्पल तिकडे आहे, कोपऱ्यात. नका बोलू आता. बाई, काही बोलू नका, ती पडदा सरकवतेय. जा तुम्ही. मागे बघू नका, सरळ जा.